पाच उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे

विद्यार्थी मित्रांनो, ४२९४९६७२९७ ही संख्या वहीत लिहून घ्या. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ती येते.

२ चा १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढणारा घात घेऊन त्यात १ मिळवला, तर येणारी प्रत्येक संख्या मूळ असते, असे मत फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० साली मांडले. पहिल्या पाच संख्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. या पाचही मूळ आहेत. सहावी संख्या म्हणजे तुम्ही आत्ताच लिहिलेली. ऑयलरने १७३२ साली दाखवून दिले की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो आणि भागाकार ६७००४१७ येतो. म्हणजे ती मूळ नाही, संयुक्त आहे.

२, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनी ओळीने भागत गेलात, तर ११६ व्या प्रयत्नाला ६४१ येईल. पण या संख्येच्या कोणत्याही मूळ भाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, हेही ऑयलरने सिद्ध केले. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. आता पाचव्याच प्रयत्नात काम होते! थोडा विचार किती श्रम वाचवतो पाहा.

आपल्या वर्गात मात्र 'तीन-चार उदाहरणांत पडताळले, म्हणून नियम खरा' असे सर्रास लिहिले जाते. न² + न + ४१ या सूत्रात न च्या जागी ० पासून ३९ पर्यंतच्या संख्या घाला. चाळीसही वेळा मूळ संख्या मिळते. ४० घातल्यावर १६८१ येते, आणि ती आहे ४१ चा वर्ग! मी पदार्थविज्ञान शिकवतो. तेथे प्रयोगांची साक्ष मानावीच लागते, पण विरुद्ध जाणारा एक प्रयोगही नियमाला धक्का देतो. गणितात तर सिद्धतेवाचून गत्यंतरच नाही.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे. "सर, पुढच्या उदाहरणात हे चुकले तर?" असे विचारणाऱ्या मुलाला 'अभ्यासक्रमाबाहेरचे' म्हणून खाली बसवू नका. तो ऑयलरचाच प्रश्न विचारत असतो. आणि मित्रांनो, गणकयंत्र किंवा संगणक जरूर वापरा. तो भाजक क्षणात सांगेल. 'का' हे मात्र तुम्हीच शोधा. ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६. एवढ्या दोन गोष्टींवरून, प्रत्यक्ष भागाकार न करता, ६४१ ने भाग जातो हे सिद्ध करता येते. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका; माझेही मानू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि करून पाहा.