राजाश्रय आणि लोकाश्रय

अमेरिकेतील आयोवा हे मक्याच्या शेतांचे राज्य. तेथील आयोवा सिटी या लहानशा विद्यापीठनगरीत १९६७ पासून शरद ऋतूत देशोदेशींचे लेखक जमतात. काही आठवडे एकत्र राहतात, लिहितात, परस्परांचे साहित्य ऐकतात. कवी पॉल एंगल आणि चिनी कादंबरीकर्त्री ह्वालिंग न्ये यांनी हा आंतरराष्ट्रीय लेखन-उपक्रम आरंभिला. पुढे ही दोघे विवाहबद्ध झाली. आजवर दीड हजारांहून अधिक लेखक तेथे राहून गेले. तुर्कस्तानचे ओरहान पामुक आणि चीनचे मो यान हे नोबेल पारितोषिकाचे मानकरीही त्यांतलेच.

आपणा मराठी वाचकांना या स्थानाविषयी आपलेपणा वाटावा असे एक कारण आहे. तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणारे कवी दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तेथे होते. चित्रे जन्माने बडोद्याचे. त्यांचे वडील पु. आ. चित्रे यांनी त्याच नगरीतून 'अभिरुची' हे मासिक चालविले. बृहन्महाराष्ट्रातील एका साहित्यप्रेमी घरातून निघालेली वाट आयोवापर्यंत पोहोचली, हे आपण विसरू नये.

या उपक्रमास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे दीर्घकाळ साहाय्य होते. २०२५ च्या प्रारंभी ते खात्याने एकाएकी काढून घेतले. हे अनुदान शासनाच्या अग्रक्रमांशी जुळत नाही, असे कारण देण्यात आले. सुमारे दहा लाख डॉलरांची ही हानी होती. तरुणांसाठी चालणारा उन्हाळी वर्ग, दूरस्थ अभ्यासक्रम आणि परदेशांतील लेखकभेटी बंद कराव्या लागल्या. शरदातील निवास मात्र खाजगी देणग्या आणि इतर संस्थांचे साहाय्य यांच्या बळावर, लेखकांची संख्या कमी करून, चालू ठेवण्याचे ठरले.

शासनाचे हे साहाय्य निव्वळ साहित्यप्रेमापोटी होते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शीतयुद्धाच्या काळात परदेशी लेखकांना घरी बोलावणे हा राजनीतीचाच एक भाग होता. परंतु हेतू कोणताही असो, फळ मोलाचे आले. १९७९ मध्ये चीनची मुख्य भूमी आणि तैवान येथील लेखक, तीस वर्षांच्या ताटातुटीनंतर, आयोवात एकत्र बसले. राजदूतांना जे साधले नव्हते, ते तेथे साधले.

मग अनुदान गेल्याने नुकसान कोणाचे? ज्यांच्या देशांत धनिक संस्था आहेत, त्यांना प्रवासखर्च कोठून तरी मिळेल. ज्याच्या भाषेला जगात कोणी विचारीत नाही आणि ज्याचा देश दरिद्री आहे, अशा लेखकाची खुर्ची प्रथम रिकामी होते. देणग्या संस्थेचा जीव वाचवितात. परंतु तिचा विस्तार राखणे त्यांना सहजासहजी जमत नाही. म्हणून शासनाने हात काढून घेतल्याचे दुःख मानलेच पाहिजे. लोकाश्रय आहे म्हणून राजाश्रयाची गरज नाही, हा युक्तिवाद शासनाला सोयीचा असला तरी न्याय्य नाही.

तथापि, केवळ एकाच आश्रयावर विसंबणाऱ्या संस्थेचे काय होते, हे आपल्याला परक्याने सांगावयास नको. सयाजीराव महाराजांच्या उदार आश्रयाने बडोद्यात ग्रंथालये वाढली, 'श्रीसयाजी साहित्यमाले'तून ग्रंथ निघाले. १९४९ मध्ये ते संस्थान विलीन झाले. इंदूर-ग्वाल्हेरचीही संस्थाने गेली. संस्थानांबाहेर वाढलेल्या मराठी वाचनालयांना राजाचा आधार कधी नव्हताच. आज जेथे जेथे मराठी पुस्तकांचे कपाट उघडे आहे, तेथे कोणी ना कोणी वर्गणी भरीत आहे, कोणी संध्याकाळी दोन तास विनावेतन बसत आहे.

आयोवाने आपला दिवा मंद केला, विझू दिला नाही. आपल्या गावच्या वाचनालयाची या वर्षाची वर्गणी आपण भरली आहे काय, एवढा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारला, तरी या दूरच्या वार्तेचा आपल्याला उपयोग झाला, असे म्हणता येईल.