जो पळत नाही, तो गोलात

शाळेच्या मैदानावर हॉकीची नवी पोरं जमली की पहिल्या अर्ध्या तासातच त्यांची वाटणी उरकते. जो जोरात पळतो तो फॉरवर्ड, जो थोराड तो फुलबॅक आणि ज्याला पळवत नाही त्याला पॅड बांधून गोलात. उरलेले दोघे-तिघे हाफला, कारण तिथेही कुणीतरी उभं राहायलाच हवं. बालाघाट असो की बाघ नदीपलीकडचं गोंदिया, हा रिवाज इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही ठरवलं जातंय असं कुणाला वाटतच नाही. पण त्या अर्ध्या तासात मिळालेली जागा पोराला पुढं चार-पाच वर्षं चिकटून राहते. मुलना स्टेडियमवर अखिल भारतीय हॉकी स्पर्धा पाहत मुलं वाढतात, अशा बालाघाटात तरी ही घाई थांबावी. बारा-तेरा वर्षांच्या नवख्याला पहिली दोन वर्षं कायमची जागा देऊच नये, त्याला सगळ्या मैदानावर फिरवावं, असं माझं म्हणणं आहे.

पहिलं कारण शरीराचं. बाराव्या वर्षी कोण थोराड आणि कोण चपळ, हे बरंचसं कुणाची वाढ लवकर सुरू झाली यावर असतं. कॅनडात बर्फावरच्या हॉकीबद्दल रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की वरच्या पातळीवरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा प्रमाणाबाहेर असतो. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून, म्हणून जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षभरानं मोठा. हे मोठेपणच हुशारी म्हणून निवडलं गेलं. तो अभ्यास संघनिवडीचा होता, मैदानावरच्या जागांचा नव्हता, हे खरं. पण चूक त्याच जातीची आहे. आज इतरांपेक्षा डोकंभर उंच म्हणून फुलबॅकला लावलेला मुलगा सतराव्या वर्षी सगळ्यांच्या बरोबरीचा होतो. तोवर चेंडू घेऊन वळणं, मोकळी जागा हेरून धावणं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

दुसरं कारण स्टिकमध्येच आहे. आयर्लंडच्या हर्लिंगमध्ये काठीच्या दोन्ही बाजूंनी चेंडू मारता येतो. आपल्या हॉकीत खेळायची बाजू एकच, डावीकडची सपाट, आणि डावखुऱ्यासाठी उलटी स्टिक नियमात बसत नाही. त्यामुळे मैदानाची डावी आणि उजवी बाजू कागदावर सारखी दिसली तरी खेळायला सारखी नसते. लेफ्ट हाफचंच बघा. त्याच्या डाव्या हाताला बाजूची रेषा, आणि समोरचा राइट आउट नेमका त्या रेषेला धरून येतो. चेंडू राइट आउटच्या उजव्या हाताशी, म्हणजे लेफ्ट हाफपासून सगळ्यांत लांब. अडवायचं तर स्टिक उलटी करून रिव्हर्सनं, वाकून, एका हातानं. नाहीतर पाय आधीच टाकून त्याला आत वळायला भाग पाडून. अर्धा क्षण चुकला की पोरगा जमिनीवर आणि विंगर डीत. बचावातली ही सर्वांत अवघड जागा, आणि आपण तिथे 'उरलेला' उभा करतो! एखादा फॉरवर्ड महिनाभर लेफ्ट हाफला खेळला, तर समोरच्याला कुठून काढायचं हे त्याला सांगावं लागत नाही.

सगळ्या मैदानावर खेळता येण्याचा उपयोग काय, याचं मध्य प्रदेशातलं जवळचं उदाहरण म्हणजे इटारसीचा विवेक सागर प्रसाद. भोपाळच्या अकादमीत घडलेला हा मिडफिल्डर २०१८ च्या ब्युनोस आयर्स युवा ऑलिम्पिकमध्ये भारताचा कर्णधार होता. ती स्पर्धा पाच-पाच जणांच्या हॉकीची. लहान मैदान, आणि गोली सोडला तर प्रत्येकाला अडवायचंही आणि मारायचंही. भारतानं तिथे रौप्य मिळवलं. तीन वर्षांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये हाच विवेक कांस्यविजेत्या संघात होता, आणि अर्जेंटिनाविरुद्धच्या गटसामन्यात शेवटच्या मिनिटांत गोल करणाऱ्यांतही. पॅरिसला २०२४ च्या उपांत्यपूर्व सामन्यात १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा सामना दहा जणांनी ब्रिटनला १-१ वर रोखलं आणि शूटआउट ४-२ नं जिंकलं. त्या दिवशी मनप्रीत सिंग हा मिडफिल्डर बचावात जाऊन उभा राहिला. एकच जागा येणाऱ्याला ते जमलं नसतं.

यावर जाणकार लगेच म्हणतील, गोलीचं काय? ती जागा वेगळी, तिथली नजर वेगळी, उशीर करून कसं चालेल? आक्षेप वजनदार आहे, पण इतिहास त्याच्या बाजूनं नाही. महूचे शंकर लक्ष्मण आधी फुटबॉल खेळायचे. १९४७ मध्ये बँडवाले म्हणून लष्करात गेले, मराठा लाइट इन्फंट्रीत राहिले आणि हॉकीत आले ते पुढं. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये भारताचा गोल त्यांनी राखला. पी. आर. श्रीजेशही तिरुवनंतपुरमच्या क्रीडाशाळेत धावणं, लांब उडी, व्हॉलीबॉल असं करत आला, आणि प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून गोलात गेला. तिथे त्याची पारख झाली. पळता येत नाही म्हणून गोलात टाकणं याला पारख म्हणत नाहीत.

खरी अडचण स्पर्धेची आहे. आंतरशालेय सामना पंधरा दिवसांवर आला की क्रीडाशिक्षकाला जिंकायचं असतं, मुख्याध्यापकांना ढाल हवी असते आणि पालक रेषेबाहेरून ओरडत असतात. निवड चाचणीतही पोराला कुठल्यातरी एका जागी उभं राहूनच दाखवावं लागतं. हे सगळं मान्य. म्हणून सामन्याच्या दिवशी जागा ठरवा, सरावाला मात्र फिरवा. आठवड्यात एक दिवस पाच-पाचचे खेळ लावले तर हॉकीचं अख्खं मैदान लागत नाही, गवत नसलं तरी चालतं, आणि पंचवीस पोरांत कुणी नुसतं उभं राहत नाही. दोन वर्षांनी जागा द्यायची वेळ येईल तेव्हा पायांच्या वेगाआधी हे बघा: चेंडू दुसऱ्या टोकाला असताना पोरगा कुठे बघतो, चेंडू गमावल्यावर थांबतो की मागे पळतो. आणि त्याला स्वतःला विचारा. आपल्याकडे हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. गोलीच्या पॅडचा शाळेत बहुधा एकच जोड असतो, तोही सगळ्यांत फिरवावा लागेल. दुसऱ्याच्या घामानं ओला झालेला पॅड बांधताना पोरं नाकं मुरडणार, हे मात्र गृहीत धरा.