तपासणी कोणत्या गाडीची?

दिवाळीच्या सुटीत एक विलायती मोटार अगदी जवळून पाहण्याचा योग आला. माझे चुलत काका बारा वर्षे इंग्लंडात नोकरी करून कायमचे लातूरला परतले आणि येताना तिकडे वापरलेली स्वतःची गाडी घेऊन आले. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात ती उतरली. सीमाशुल्काचा आकडा ऐकून आमच्या आजीने "एवढ्यात वावर आलं असतं की रे!" म्हणून कपाळावर हात मारला. आता राहिली होती नोंदणीची तपासणी. काकांची फाइल धरायला म्हणून मी सोबत गेलो.

आपल्याच राज्यातील विक्रेत्याकडून घेतलेली नवी गाडी नोंदणीसाठी समक्ष दाखविण्याची अट २०१९ च्या कायदादुरुस्तीने गेली. परदेशी गाडीला मात्र ही सवलत नाही. निरीक्षकसाहेबांनी बॉनेट उघडून चेसिसचा क्रमांक सीमाशुल्काच्या कागदाशी एकेक अक्षर जुळवून पाहिला. सुकाणू उजव्या हाताला आहे ना, वेग किलोमीटरमध्ये दिसतो ना, हेही पाहिले. इंग्रजांचा हिशेब अजून मैलांत चालतो. त्यामुळे तबकडीवर मैल ठसठशीत आणि किलोमीटर बारीक. साहेबांनी चष्मा सावरून ते बारीक आकडे वाचले. दिवे, हॉर्न, ब्रेक, सारे झाले. भोवती ही गर्दी!

एवढे होऊन शेवटी काम अडले. एका कागदाच्या प्रतीवर इंजिनक्रमांकातील एक अंक नीट उमटला नव्हता. "मूळ कागद घेऊन उद्या या," असे साहेब म्हणाले. बाहेर पडताच एक एजंट हसत पुढे आला. "कशाला हेलपाटा? थोडक्यात होऊन जाईल." खोटे कशाला सांगू, मीच काकांच्या कानाशी लागलो, "देऊन टाका ना." काका म्हणाले, "अरे, गाडी चोरीची असती तर नेमका हाच अंक पुसलेला असता. तो माणूस आपल्याला छळत नाही, त्याचं काम करतोय." दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो आणि काम झाले. मला मात्र माझ्याच सल्ल्याची लाज वाटत राहिली.

ही लाज खरी बोचली ती सुटी संपवून नांदेडला परतताना. एस. टी. चुकली म्हणून अहमदपूरपर्यंत जीपने निघालो. आत माणसे किती होती ते मोजता आले नाही, कारण मान वळत नव्हती. दोघे मागे लटकत होते. एक दिवा फुटलेला. उतारावर ड्रायव्हर ब्रेक दोनदोनदा दाबत होता. योग्यता प्रमाणपत्राचे विचारले तर म्हणाला, "कागद घरी हाय, दादा."

कायदा सांगतो की भाड्याने माणसे नेणाऱ्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्याची नोंदणीच वैध धरली जात नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते नव्याने घ्यावे लागते. म्हणजे नियम आहे आणि चांगला आहे. काकांच्या गाडीत फार तर चौघे बसतील, आणि तिच्यासाठी एक पुसट अंक दोन दिवस तपासला गेला. जीपमध्ये लोहा, कंधार, चाकूरची शिकणारी मुले-मुली रोज बसतात. तिचा ब्रेक कोण तपासतो?

माझे म्हणणे असे नाही की विलायती गाडीची तपासणी सैल करावी. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीचे शुल्क २००३ साली माफ होऊ लागले तेव्हा देशभर ओरड झाली, ती योग्यच होती. नियम मोठ्यांनाही लागलाच पाहिजे. पण मोठ्यांच्या गाडीवर आपली नजर आपोआप जाते. गरिबाच्या वाहनावर ती मुद्दाम न्यावी लागते.

आणि सारा दोष सरकारचा, असे म्हणून आपण सुटत नाही. त्या जीपमध्ये मी स्वतःहून चढलो. फुटका दिवा मला चढण्यापूर्वीच दिसला होता. एजंटाला पैसे द्या असे सांगणारा मी आणि त्या जीपमध्ये बसणारा मी एकच. तपासणी म्हणजे कटकट, ती कशीतरी उरकायची, असे आपण मानतो. मग जीपवाल्यानेही तसेच मानले तर त्याला कोणत्या तोंडाने बोलायचे?

आपल्या महाविद्यालयातील शंभर मुलांनी "कागद दाखव, मगच बसतो" एवढे म्हणायचे ठरविले तरी पुष्कळ होईल. एखादी गाडी सुटेल, एखादा तास बुडेल. प्राध्यापकांनी तेवढी हजेरी माफ करावी, ही नम्र विनंती!