कांद्याच्या चिलखतातला शिलेदार
‘डार्क सोल्स’ या २०११ सालच्या जपानी गेममध्ये पावलोपावली मरण आहे, तरी या आठवड्यात मी पुन्हा तिथे गेले ती सीगमायरला भेटायला. कांद्यासारखं गरगरीत चिलखत घातलेला हा कॅटरिनाचा शिलेदार सेन्स फोर्ट्रेस या किल्ल्याच्या बंद दरवाजापुढे फतकल मारून बसलेला असतो. दार उघडत नाही म्हणून विचारात गढलेला. पुढेही तो अडलेलाच भेटतो, एकदा तर विषारी दलदलीत चक्क झोपलेला! सूर्यभक्त शिलेदार सोलेअरचे चाहते रागावतील, रागावू देत; या गेममधला सर्वांत मोठ्या मनाचा माणूस सीगमायरच. दर वेळी अडचणीतून सोडवल्याच्या तुमच्या उपकारांची फेड म्हणून लॉस्ट इझालिथ या भागात तो एकटा राक्षसांवर तुटून पडायला निघतो. तेव्हा नुसते बघत उभे राहू नका, त्याच्यामागोमाग उडी मारा.