गाडीची पॉवर वाढवायची, पण वॉरंटीही टिकवायची? रिमॅप करण्याआधी हे गणित समजून घ्या

ऑक्टोबर २०१०. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. शहरातल्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे १५० मर्सिडीज खरेदी केल्या. सौदा ६५ कोटींच्या आसपासचा होता. ही बातमी देशभर गाजली आणि "मराठवाडा म्हणजे फक्त दुष्काळ" असं समजणाऱ्यांना पहिल्यांदाच कळलं की या शहराला गाड्यांचं वेड आहे.

वेड असणारच. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि पुढे तिथूनच ऑडीच्या गाड्याही बाहेर पडायला लागल्या. घरटी एखादा माणूस गाडीच्या धंद्यात, नाहीतर सुट्या भागांच्या धंद्यात.

आता ताजा विषय. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस पुन्हा भारतात आणली. २६५ पीएसची ताकद, ० ते १०० चा वेग ६.४ सेकंदांत, एक्स-शोरूम किंमत ४९.९९ लाख आणि संपूर्ण देशासाठी गाड्या फक्त १००. लाँच व्हायच्या आधीच सगळ्या बुक झाल्या. त्याआधी मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ५२.९९ लाखांना आली होती, तिचंही तेच झालं. गंमत म्हणजे ज्या ऑक्टाव्हियाची जुळणी अनेक वर्षं शेंद्र्यात झाली, तिचा हा नवा अवतार थेट परदेशातून तयार होऊन येतो.

अशी गाडी घेतली की महिनाभरात फोनवर रील्स सुरू होतात. "स्टेज वन करा, ६० पीएस जास्त मिळवा." "वॉरंटीची काळजी करू नका, बिघाड तुमच्यामुळेच झाला हे कंपनीला सिद्ध करावं लागतं." पन्नास लाखांची गाडी असलेला माणूस हे ऐकून गॅरेजला जातो.

तर यात खरं किती? बघूया.

रील्समधला कायदा अमेरिकेचा आहे

"कंपनीला सिद्ध करावं लागतं" हे वाक्य येतं अमेरिकेतून. तिथे १९७५ साली मॅग्नुसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा झाला. आमचेच पार्ट वापरा नाहीतर वॉरंटी बंद, अशी अट कंपनीला सरसकट घालता येत नाही, असं तो कायदा सांगतो. बाहेरच्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडाचा दावा मात्र नाकारता येतो.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे वॉरंटी म्हणजे तुमच्यात आणि कंपनीत झालेला करार. त्या पुस्तिकेत काय छापलंय, ते आधी बघितलं जातं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत "कंपनीने मान्यता न दिलेला बदल आणि त्यामुळे होणारं नुकसान" हे वॉरंटीबाहेर असतं. शर्यतीत वापरलेली गाडीही वॉरंटीबाहेर.

मग भारतीय ग्राहकाच्या बाजूने काहीच नाही का? आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची बाजारपेठ या कंपन्यांनी आपल्या मुठीत ठेवली, असा ठपका होता. त्यात स्कोडा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, मारुती, टाटा, महिंद्रा सगळे होते. आयोगाने सांगितलं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

कंपन्यांनी या आदेशाला वर आव्हान दिलं, त्यामुळे तो खिशात घालून सर्व्हिस सेंटरवर भांडायला जाण्यात अर्थ नाही. शिवाय त्यातला फरक लक्षात घ्या. तो आदेश दुरुस्तीबद्दल आहे. बाहेर ऑइल बदलणं ही दुरुस्ती झाली. इंजिनाची ताकद पाव पटीने वाढवणं ही दुरुस्ती नव्हे. रील्समध्ये हे दोन्ही एकाच पिशवीत टाकले जातात, आणि घोळ तिथेच होतो.

एक बदल, तीन पहारेकरी

गाडीत काहीही बदललं, तर तुमच्याकडे तीन जण बघत असतात. कंपनी, आरटीओ आणि विमा कंपनी. तिघांचे नियम वेगळे. एकाने "चालेल" म्हटलं म्हणून दुसरा म्हणेलच असं नाही.

कंपनी विचारते: या बदलामुळे आम्ही दिलेल्या भागावर ताण आला का?

आरटीओ विचारतं: गाडी नोंदणी पुस्तकात आहे तशीच आहे का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आलं. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड वेगळा.

विमा कंपनी विचारते: तुम्ही आम्हाला हे सांगितलं होतं का? सांगितलं नसेल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. शर्यत आणि वेगाची चाचणी यासाठीचा वापर तर साध्या पॉलिसीत मुळातच बसत नाही.

म्हणजे वॉरंटी वाचली तरी विमा जाऊ शकतो, आणि दोन्ही वाचले तरी चलन फाटू शकतं.

कुठला बदल किती धोक्याचा?

सगळ्यात सुरक्षित गोष्टीपासून सुरुवात करू.

टायर. गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त चार तळहातांएवढ्या रबराचा असतो. चांगल्या प्रतीचे टायर टाकले, तर ब्रेक लवकर लागतो, वळणावर पकड राहते, आणि मूळ साइज ठेवली तर तिघांपैकी कुणाचीच हरकत नसते. साइज बदलायची असेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेली साइज निवडा. गणित सोपं आहे. २०५/५५ आर१६ टायरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर. २२५/४५ आर१७ चा सुमारे ६३४. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. पण कुणी २२५/५५ आर१७ बसवला, तर व्यास ६७९ होतो. फरक साडेसात टक्के. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी साधारण १०७ ने पळत असते, आणि एबीएसपासून सगळ्या यंत्रणांचा हिशेब बिघडतो.

ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. पॅड ही झिजणारी वस्तू, तिला तशीही फारशी वॉरंटी नसते. त्याच मापाचे चांगले पॅड आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ताजं ऑइल, हा कमी पैशांत मोठा फायदा. मोठ्या डिस्कचा संच बसवायचा म्हटला, की मात्र एबीएसचा प्रश्न येतो.

एअर फिल्टर. मूळ डब्यात बसणारा फिल्टर फारसा त्रास देत नाही. पण तेल लावलेला फिल्टर असेल आणि तेल जास्त झालं, तर हवा मोजणारा सेन्सर खराब होतो. त्या सेन्सरचा दावा मग विसरा. आणि एकट्या फिल्टरने ताकद वाढते ती जाणवण्याइतकी नसते.

लोअरिंग स्प्रिंग. गाडी दोन बोटं खाली बसली की दिसायला भारी. पण शॉकअब्सॉर्बर आणि एक्सल नेहमीपेक्षा वेगळ्या कोनात काम करतात. सस्पेन्शनचा पुढचा प्रत्येक दावा वादात जातो. शिवाय आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर बघता ऑइल पॅनची काळजी वेगळी.

एक्झॉस्ट. मागचा फक्त सायलेन्सर बदलला, तर इंजिनच्या वॉरंटीला धोका तुलनेने कमी, पण आवाज वाढला की पोलीस आहेत. राज्यातल्या अनेक शहरांत जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही बघितलेच असतील. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर सरळ बेकायदा. बीएस-६ गाडीचा कॉम्प्युटर ते लगेच ओळखतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो.

आणि शेवटी रिमॅप. इथे खरी गोम आहे.

रिमॅप लपत का नाही?

टर्बो इंजिनात ताकद ठरवतो तो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. टर्बोचा दाब किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. रिमॅपमध्ये हे आकडे बदलतात. म्हणून एकही पार्ट न बदलता ताकद २० ते ३० टक्के वाढल्याचा दावा ट्यूनर करतात, आणि तो बऱ्याचदा खराही असतो.

पण कंपनीने ते आकडे कमी ठेवले होते ते कंजूसपणा म्हणून नाही. मे महिन्यात चाळीस डिग्रीच्या वर गेलेलं तापमान, हलक्या ऑक्टेनचं पेट्रोल, घाटात पूर्ण भरलेली गाडी, हे सगळं धरून राखून ठेवलेली ती जागा असते. रिमॅप तीच जागा खातो. युरोपातल्या थंड हवेत, तिथल्या पेट्रोलवर तयार केलेला मॅप मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चालवला, तर इंजिन नॉक करू शकतं. वाढलेला टॉर्क गिअरबॉक्सच्या क्लचवर जातो तो वेगळाच.

"सर्व्हिसच्या आधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकून देऊ" हा सल्लाही ऐकायला मिळतो. पण ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची नोंद अनेक गाड्यांत राहते. सर्व्हिस सेंटरचं स्कॅनर कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असतं. फोक्सवॅगन गटात, म्हणजे स्कोडा आणि ऑडीतही, बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीच्या नोंदीवर 'टीडी१' असा शिक्का बसतो. मग इंजिन, टर्बो, गिअरबॉक्सचे दावे बंद होण्याची पाळी येते. मूळ सॉफ्टवेअर परत टाकल्याने हा शिक्का आपोआप पुसला जात नाही.

शिक्का गाडीवर बसतो, मालकावर नाही. म्हणून वॉरंटी शिल्लक असलेली सेकंडहँड आरएस किंवा जीटीआय घेताना अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून ही नोंद तपासून घ्या. नाहीतर आधीच्या मालकाच्या हौसेचं बिल तुमच्या नावावर येईल.

मग करायचं काय?

कंपनीच्या स्वतःच्या परफॉर्मन्स अ‍ॅक्सेसरी मिळत असतील, तर त्या डीलरकडूनच बसवा. पार्ट नंबरसह बिल घ्या आणि जॉब कार्डवर नोंद करून घ्या.

बाहेरचं काही बसवायचं असेल, तर आधी कंपनीला ईमेलने विचारा. सेल्समन तोंडी "काही होत नाही साहेब" म्हणतो, त्याला नंतर किंमत नसते.

काढलेले मूळ भाग जपून ठेवा. विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या.

रिमॅप करायचाच असेल, तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा. आणि दुरुस्तीचे काही लाख बाजूला ठेवता येतात का, तेही बघा. वॉरंटी संपली तरी आरटीओ आणि विमा कंपनी जागेवरच असतात, हेही विसरू नका.

आता उलटी बाजू. तुम्ही फक्त टायर किंवा पॅड बदलले आणि सर्व्हिस सेंटरने एसीचा दावा नाकारला, तर गप्प बसू नका. नकाराचं कारण लेखी मागा, स्कॅन रिपोर्टची प्रत मागा, कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे नाही जमलं, तर ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. राज्य आयोगाचं खंडपीठ संभाजीनगरातही बसतं, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागतीलच असं नाही. बिघाडाचं कारण तपासल्याशिवाय कळत नसेल, तर आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो. तुमच्याकडे कागद असतील, तरच या सगळ्याचा उपयोग.

आणि एक साधा हिशेब. शहराजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारसाठी वेगमर्यादा १२० आहे. नवी आरएस कंपनीकडून येतानाच २५० पर्यंत पळते. वाढीव साठ पीएस वापरायला कायदेशीर रस्ताच शिल्लक नाही. तेच पैसे चांगल्या टायरवर आणि ब्रेकवर घातले, तर १२० वरून शून्यावर येताना ते रोज वसूल होतील, आणि वॉरंटीचं पुस्तकही जागेवर राहील.