ओट्यावरचा छुपा डोळा

घर बांधणें सोपें, पण घर राखणें कठीण, असें आमचे वडील म्हणत. त्यांच्या काळीं घर राखण्याचीं साधनें मोजकींच होतीं: सागवानी दाराचा अडसर, ओट्यावर निजणारा एखादा म्हातारा आणि शेजारी. आतां अडसर गेले, ओट्यावर निजणारे म्हातारे आंतल्या खोलींत पंख्याखालीं निजूं लागले आणि शेजाऱ्याची जागा कॅमेऱ्यानें घेतली. या शेवटच्या फेरफाराविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि ते लिहितांना आमच्या हातून घडलेली एक चूकही वाचकांपुढें मांडावयाची आहे. पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनें दाखविल्यावर एखादी स्वतःची चूक काळ्या शाईंत छापणें हें न्यायाचेंच होय.

आम्ही उभयतां जळगांवांत एका जुन्या वस्तींत राहतों. चिरंजीव पुण्यास असतात आणि कन्या धुळ्यास, देवपुरांत. गेल्या पावसाळ्यांत आमच्या गल्लींत दोन घरें फुटलीं. तेव्हां दिवाळीस येतांना चिरंजिवांनीं एक लांकडी खोकें आणलें. पाहतों तों चिमण्यांचें घरटें! कुटुंबास आनंद झाला. पण त्या घरट्याच्या वाटोळ्या तोंडांतून चिमणी नव्हे, तर कॅमेऱ्याचें भिंग डोकावत होतें. "बाबा, उघडा कॅमेरा लावला तर चोर आधीं तोच काढून नेतो. हा कोणाला दिसायचाच नाहीं," असें म्हणून त्यांनीं तें घरटें अंगणांतल्या कडुनिंबाला टांगलें. बैठकींत पाटीएवढा एक पडदा मांडला. "दार दाखव" असें हिंदींत म्हटलें कीं त्यावर दार दिसावयाचें. तसाच एक पडदा धुळ्यास कन्येकडे होता. तोही याच घरट्याशीं जोडला गेला.

हें वेषांतर वाटतें तितकें सुखाचें नसतें, हें आठ दिवसांतच कळून आलें. भिंगापुढें पाऊस लागूं नये म्हणून बसविलेल्या कांचेवरून रात्रीं कॅमेऱ्याचेच अदृश्य किरण परत फिरत आणि सगळें चित्र दुधासारखें पांढरें होई. कांच काढली तर कोळ्यानें जाळें विणलें; वाऱ्यानें तें हाललें कीं पडद्यावर चोर आल्याची वर्दी! बंद खोक्यांत हवा खेळत नाहीं आणि आमच्या खानदेशाचा वैशाख ४५ अंशांच्या खालीं क्वचितच समाधान मानतो, हें तर निराळेंच. पुष्कळसे कॅमेरे ५० अंशांपर्यंतच काम करण्याच्या बोलीवर विकले जातात. उन्हांत तापलेल्या पेटींत ती मर्यादा ओलांडण्यास वेळ लागत नाहीं. साठवणुकीचा हिशेब आम्हीं स्वतः मांडला. चित्राचा ओघ सेकंदास १ मेगाबिट धरला तर दिवसाला १०.८ जीबी भरतात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डांत अकरा-बारा दिवसांहून जुनें कांहीं राहत नाहीं. तीर्थयात्रेहून महिन्यानें परत येणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

पडद्यावर दार पाहण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेस कामाच्या अवेळांमुळें पुष्कळदां घरीं एकटें राहावें लागे, आणि बोलाविलेले पोलीस लवकर येत नसत. तिनें व तिच्या पतीनें १९६६ सालीं एका योजनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजीं तें मिळालें. दारास वरखालीं चार भोकें, त्यांमागें सरकणारा कॅमेरा, निजण्याच्या खोलींत पडदा, आणि बिछान्यावरूनच दार उघडण्याची वा धोक्याची सूचना देण्याची सोय, अशी ती योजना होती. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या बाईचा डोळा आपल्या दाराशीं आलेल्या माणसाकडे पाहत होता. शेजारणीच्या ओट्याकडे नव्हे.

आतां आमची चूक. पौषांत आम्ही दहा दिवस धुळ्यास राहिलों. एरंडोल-पारोळ्यावरून सुमारें ९० किलोमीटर गेलेला माणूस पूर्वीं घराची काळजी देवावर सोपवीत असे. आम्ही ती पडद्यावर सोपविली. प्रथम दिवसांतून एकदां पाहत असूं, मग दोनदां, मग चहाच्या प्रत्येक पेल्याबरोबर. आमचें दार तर बंदच. त्यांत पाहावयाचें काय? पण कडुनिंबावरून आमच्या दाराबरोबर शेजारचा ओटाही सबंध दिसे. तेथें आमच्या दिवंगत मित्राच्या पत्नी एकट्या राहतात. आम्ही त्यांस वहिनी म्हणतों. तीन दिवस लागोपाठ त्या दुपारीं क्ष-किरण चित्राचा मोठा लिफाफा घेऊन बाहेर पडतांना दिसल्या. चौथ्या दिवशीं त्या ओट्यावर बसल्या, लिफाफा मांडीवर ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. आम्हीं तें पाहिलें. पाहून पडदा मालवावयास हवा होता. आम्हीं तो मालविला नाहीं.

परत आल्यावर मोठ्या आपुलकीनें विचारलें, "वहिनी, दवाखान्याचें काय झालें?"

त्यांचा चेहरा उतरला. "भाऊजी, तुम्हांला कोणीं सांगितलें? मीं मुलालाही अजून कळविलें नाहीं."

"सहज विचारलें," असें आम्ही बोलून गेलों. पोरांना खोटें बोलण्याबद्दल बाकावर उभे करणारा मास्तर स्वतः खोटें बोलला! त्या रात्रीं झोंप आली नाहीं. सकाळीं जाऊन घरट्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली आणि एवढेंच म्हणाल्या, "चोर दिसला असता तर मींही तुमचे उपकार मानले असते. पण माझें दुखणें माझें होतें, भाऊजी. तें मीं तुम्हांला दिलें नव्हतें, तुम्हीं घेतलें."

दुसऱ्या दिवशीं त्यांच्या ओट्यावर जुन्या लुगड्याचा पडदा लागला. रोज पहांटे आमच्या देवांसाठीं त्यांच्याकडून प्राजक्ताच्या फुलांची परडी येत असे, ती बंद झाली. आमच्या घरांतून एक कांडीही चोरीस गेली नव्हती. पण कांहींतरी गेलें होतें आणि तें नेणारे आम्हीच होतों.

त्या रिकाम्या परडीनें आम्हांस विचार करावयास लाविलें. आपल्या गांवगाड्यांत पहारा नव्हता काय? होता. खानदेशांत गांवोगांव जागले असत. त्यांत बहुधा भिल्ल असत. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांववतनें रद्द झालीं तोंवर अशा कामांस वतनाचा आधार होता. पण रात्रीं फिरणारा पहारेकरी कधीं लपून फिरला नाहीं. तो काठी आपटी, हाळी देई. त्याच्या हाळीनें चोरास भय आणि गृहस्थास अभय, अशीं दोन्हीं कामें एकदम होत. लपविलेल्या कॅमेऱ्यास हाळी देतां येत नाहीं. तो चोरी टाळीत नाहीं. झालेल्या चोरीची साक्ष तेवढी ठेवतो.

वेष पालटून पाहणारे डोळेही आपल्या ग्रंथांत आहेत. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणांत तापस, व्यापारी, गृहस्थ, शिष्य अशा वेषांतल्या हेरांची मालिका दिली आहे. परंतु ते हेर राजाचे. गृहस्थाविषयीं तिसऱ्या अधिकरणांत वास्तूचे जे नियम आहेत, त्यांचा रोख अगदीं उलट आहे. उजेडासाठीं झरोका हवा तर तो लहान असावा व उंचावर असावा. आणि ज्या दारा-खिडकीमुळें समोरच्यास उपद्रव होतो, तिच्याबद्दल दंड सांगितला आहे. मध्यें राजमार्ग वा रस्ता असेल तर मात्र तो दोष नाहीं. राज्याला हेर आणि गृहस्थाला उंच झरोका, हा भेद आम्हीं मुलांना शिकविला होता; स्वतः मात्र कडुनिंबावर हेर टांगला.

युरोपांतील न्यायाधीशही याच प्रश्नापाशीं आले आहेत. चेक देशांतील एका गृहस्थाच्या घराच्या खिडक्या वारंवार फोडल्या जात. त्यानें वळचणीखालीं कॅमेरा लावला. त्यांत त्याचें दार, रस्ता आणि समोरच्या घराचें दारही येई. गलोलीनें खिडकी फोडली गेली, चित्रावरून दोन संशयित सांपडले. तरीही त्याच्यावर दंडाची कारवाई झाली. युरोपीय संघाच्या न्यायालयानें ११ डिसेंबर २०१४ रोजीं ठरविलें कीं, सार्वजनिक रस्त्यावर रोखलेला कॅमेरा हा निव्वळ घरगुती व्यवहार म्हणतां येत नाहीं. मात्र आपलें घर व जीवित राखण्याचें मालकाचें हितही तोलावयास हवें. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पण २०२३ सालीं संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें, व्यक्तीनें केवळ खाजगी वा घरगुती कारणासाठीं ठेवलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या ओट्याचा प्रश्न बऱ्याच अंशीं आपल्या सदसद्विवेकावर सोंपविलेला आहे. आणि कायदा जेथें थांबतो तेथेंच धर्माचें काम सुरू होतें.

"पण पुरावा तर मिळतो ना?" असें कोणी विचारील. मिळतो, परंतु आपोआप नव्हे. आपल्या जालन्याच्या २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीचा तंटा उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरले कीं काय यावर होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील कॅमेऱ्यांचें चित्रण त्यांत पुढें आलें. १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, मूळ उपकरणच हजर केलें नसेल तर अशा प्रतीबरोबर कायद्यांत सांगितलेला दाखला हवाच. १ जुलै २०२४ पासून अंमलांत असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येंही दाखल्याची अट कायम आहे. तेव्हां घरीं कांहीं घडलेंच, तर मूळ कार्ड जपून ठेवावें. मोबाइलवरून चार जणांस धाडलेली चित्रें म्हणजे पुरावा नव्हे.

आणखी एक सावधगिरी. आपण ज्या डोळ्यानें पाहतों त्याच डोळ्यानें परकाही पाहूं शकतो. २०१६ सालीं मिराय नांवाच्या दुष्ट प्रणालीनें कारखान्यांतून आलेले सांकेतिक शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यांत घेतले आणि २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील कित्येक संकेतस्थळें बंद पाडलीं. २०२५ च्या फेब्रुवारींत राजकोटच्या एका प्रसूतिगृहांतील स्त्रियांच्या तपासणीचीं चित्रें बाहेर फुटल्याचें उघडकीस आलें. कुलूप विकत घेऊन त्याची किल्ली दारालाच टांगून ठेवणारा गृहस्थ आपण शहाणा म्हणणार नाहीं. तोच न्याय येथें लावावा. सांकेतिक शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा, आणि घराच्या आंत, विशेषतः स्त्रियांच्या वावराच्या जागीं, हें यंत्र असूंच नये.

मग कॅमेरा काढून टाकला काय? नाहीं. म्हाताऱ्या माणसांस त्याचा आधार आहे आणि चिरंजिवांची काळजीही खोटी नव्हे. आम्हीं घरटें खालीं उतरविलें. कॅमेरा आमच्याच दारावर, हाताला न लागेल इतक्या उंचीवर, छपराच्या सावलींत बसविला. त्याला भिंतीच्या रंगाची टोपी घातली. इतकें वेषांतर चोराच्या हातापासून राखण्यास पुरे आहे. खालीं ठळक अक्षरांत पाटी लाविली: 'येथें कॅमेरा आहे.' ही आमच्या जागल्याची हाळी. जुनें चित्रण पुसून टाकलें. या यंत्रांत चित्राचा नको तो भाग काळा करून टाकण्याची सोय पुष्कळदां असते. ती आम्हांस तोंवर ठाऊकच नव्हती. मग वहिनींना घरीं बोलाविलें.

त्या आठ दिवसांनीं आल्या. आम्हीं त्यांना पडद्यासमोर बसविलें आणि म्हटलें, "वहिनी, काय दिसावें व काय दिसूं नये, तें तुम्हीच सांगा." त्यांनीं चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिलें. मग बोट लावून म्हणाल्या, "माझा ओटा नको. पण हें फाटक राहूं द्या. रात्रीं आवाज झाला कीं मलाही भीति वाटते हो, भाऊजी." त्यांनीं बोटानें दाखविला तेवढा भाग आम्हीं काळा केला. उठतांना त्या स्वयंपाकघरांत गेल्या आणि लिफाफ्याची सगळी गोष्ट त्यांनीं आमच्या कुटुंबास आपण होऊन सांगितली. आतां दर मंगळवारीं दोघी मिळून दवाखान्यांत जातात. तेथें काय होतें तें आम्ही विचारीत नाहीं. जेवढें सांगतात तेवढें ऐकतों.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा डोळा आला असेल वा येणार असेल, त्यांनीं एवढें करावें. तो लावण्यापूर्वीं शेजाऱ्यास बोलावून पडदा दाखवावा. जें चित्र त्याच्यासमोर बसून आपल्याला पाहवत नाहीं, तें त्याच्यामागें पाहूं नये.

लुगड्याचा तो पडदा वहिनींनीं अद्याप काढलेला नाहीं. पण सकाळीं तो एका बाजूस सारलेला असतो आणि परवांपासून फुलांची परडी पुन्हां येऊं लागली आहे.