धुक्यातली उटी आणि नीलगिरीची बाटली

सर्दी झाली की आमच्या घरात सगळ्यात आधी आठवण यायची ती फडताळातल्या एका लहानशा बाटलीची. नीलगिरीचे तेल. रुमालावर दोन थेंब टाकून अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, तो रुमाल मुलांच्या उशीजवळ ठेवायच्या. ही बाटली मिरजेच्या दुकानातली नसायची. माझे सासरे ट्रक चालवायचे. कांदा भरून तमिळनाडूत मेट्टुपाळयमला जायचे आणि तिथल्या मोठ्या बाजारातून बटाटा भरून परतायचे. दर खेपेला एक बाटली ठरलेली.

अब्बा घरी आले की जेवताना सांगायचे, "समोर डोंगर, डोंगरावर ढग आणि ढगात गाव. एकदा तुला दाखवतो." अम्मी नुसत्या हसायच्या. मुलांची शाळा, मग नणंदेचे लग्न, मग घराचा स्लॅब. 'एकदा' काही उजाडला नाही. तीन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. फडताळातली शेवटची बाटली संपली, तरी अम्मींनी ती टाकली नाही.

गेल्या वर्षी माझी भिशी लागली. मी यांना म्हटले, "दिवाळीच्या सुट्टीत अम्मींना उटीला नेऊ या." हे लगेच तयार झाले. पण घरात बोलणी सुरू झाली. चुलत सासूबाई म्हणाल्या, "बेवा बाईला या वयात थंड हवेच्या ठिकाणी काय करायचंय?" दुसरे कोणी म्हणाले, "हे पैसे उमराहसाठी ठेवायचे होते." उमराहची नियत आहेच, त्याची बचतही वेगळी चालू आहे, हे मी सांगून पाहिले. सगळ्यात जास्त नकार अम्मींचाच होता. "माझे गुडघे घेऊन कुठं फिरता? तुम्ही जा, मी घर सांभाळते." चाळीस वर्षे त्या हेच वाक्य बोलत आल्या होत्या. या वेळी मी ते ऐकले नाही. त्यांच्या कपड्यांची बॅग मीच भरली.

मिरजेहून रात्रीच्या गाडीने बंगळूर, तिथून म्हैसूर. वाटेत श्रीरंगपट्टणला उतरलो. गुंबजमध्ये हैदर अली, फख्रुन्निसा आणि टिपू सुलतान यांच्या कबरी आहेत. तिथे फातिहा पढून बाहेर आलो, तेव्हा थोरलीने इतिहासाच्या पुस्तकातला धडा दादीला सांगितला. दादीने तो सगळा ऐकला आणि विचारले, "आणि टिपूची आई किती वर्षांची झाली?" थोरली गप्प. पुस्तकात ते नव्हते.

म्हैसूरहून उटीचा रस्ता बंदीपूर आणि मुदुमलाईच्या जंगलातून जातो. जनावरांसाठी बंदीपूरमधला हा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, म्हणून सकाळची सरकारी बस धरली. गुडलूरनंतर घाट सुरू झाला. एका वळणावर ऊन होते, पुढच्या वळणावर काचेबाहेर काहीच दिसेना. धाकट्याने खिडकी उघडली आणि धुके बसमध्ये आले. तेवढ्यात अम्मींनी माझा हात धरला. "वास आला?" त्यांनी विचारले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच, पांढुरक्या खोडांची झाडे उभी होती. वास तोच, उशीजवळच्या रुमालाचा.

उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर आहे. समुद्रावरून येणारी ओली हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि तिचे धुके होते. नीलगिरीला पाऊसही दोन्हीकडून मिळतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून, तोच आपला मान्सून, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून. आम्ही गेलो तो हा दुसरा पावसाळा. छत्री रोज लागली.

दुसऱ्या दिवशी दोड्डबेट्टाला गेलो. २६३७ मीटर उंचीचे हे नीलगिरीतले सर्वांत उंच शिखर शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर आहे. गाडीतळापासून थोडे चालावे लागते. अम्मी दर वीस पावलांवर थांबत होत्या. वर पोहोचलो तर समोर पांढरी भिंत. दरी नाही, गाव नाही, काहीच नाही. धाकटा चिडला, "एवढं वर कशाला आलो?" यांनीही माझ्याकडे पाहिले. मलाही वाईट वाटले. इतक्या वर्षांनी आणले आणि दाखवायला काही नाही.

अम्मी मात्र बाकावर शांत बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझे अब्बा इथं कधी आलेच नाहीत."

हे चमकले. "म्हणजे?"

"माल उतरवायचा, भरायचा, परत फिरायचं. खाली मेट्टुपाळयमलाच. दोन तास जास्त थांबले तर मालकाचा फोन. ढगातलं गाव त्यांनी खालूनच बघितलं. मला सांगायचे तसं, जसं काय राहून आलेत." मग शाल डोक्यावर ओढून घेत म्हणाल्या, "आता मी ढगात बसलेय. पुरे झालं."

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. वडिलांनी वीस-बावीस वर्षे ज्या डोंगराच्या पायथ्याशी ट्रक उभा केला, तो डोंगर त्यांनी चढलाच नव्हता, हे त्यांना आज कळत होते. त्या वीस-बावीस वर्षांत आमची शिक्षणे झाली, लग्ने झाली, घर उभे राहिले.

पुढचे दोन दिवस आम्ही अम्मींच्या चालीने फिरलो. पाहायची ठिकाणे कमी केली आणि प्रत्येक ठिकाणी जास्त वेळ बसलो. १८४८ साली आखलेल्या वनस्पती उद्यानात दोन कोटी वर्षांपूर्वीचे, दगड झालेले एक खोड आहे. मुले तिथून हलायला तयार नव्हती. उद्यानाच्या वरच्या अंगाला तोडा आदिवासींची वस्ती आहे. म्हशी पाळणारे हे लोक इथले जुने रहिवासी. त्यांची पारंपरिक घरे अर्ध्या पिंपासारखी गोलाकार असतात. पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळ्या धाग्याने त्यांच्या बायका जे भरतकाम करतात, त्याला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अम्मींनी एका शालीची उलटी बाजू पाहिली, टाके मोजले आणि माझ्या कानात म्हणाल्या, "घासाघीस करू नको. डोळे जातात यात."

नीलगिरीच्या झाडाची खरी गोष्ट उद्यानातल्या एका माळीदादांनी सांगितली. हे झाड इथले नाहीच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते ऑस्ट्रेलियाहून आणले, जळणासाठी. त्याआधी इथे उतारावर गवत आणि घळींमध्ये 'शोला' नावाची बुटकी, दाट झाडी होती. ते गवत आणि ती झाडी पावसाचे आणि धुक्याचे पाणी धरून ठेवायची आणि वर्षभर हळूहळू ओढ्यांना सोडायची. नीलगिरी आणि वॅटलची लागवड झाली आणि खूपसे गवताळ माळ गेले. ही झाडे पाणीही भरपूर पितात. आता काही भागांत मूळची झाडी आणि गवत परत आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत. आम्ही ज्या झाडाला डोंगराचे नाव दिले, ते त्या डोंगरावर पाहुणे म्हणून आले आणि घरमालक होऊन बसले. अम्मी एवढेच म्हणाल्या, "तेल चांगलं आहे, पण पाणी आधी." रस्त्याकडेला पाला उकळून तेल काढणाऱ्या एका भट्टीवर त्यांनी एक बाटली मात्र घेतली. एकच.

परतताना उटीहून कुन्नूरपर्यंत छोट्या रेल्वेने आलो. मेट्टुपाळयम ते उटी हा ४६ किलोमीटरचा मार्ग. १८९९ साली गाडी कुन्नूरपर्यंत आली आणि १९०८ साली उटीला पोहोचली. २००५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. कुन्नूरखालचा चढ इतका उभा आहे की रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवली आहे. इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकवून गाडी चढते. तो भाग मात्र आम्हाला मिळाला नाही. पावसाने दरड कोसळल्यामुळे कुन्नूरच्या खाली गाडी बंद होती. केट्टीच्या दरीतले चहाचे मळे आणि भाजीची शेते पाहत कुन्नूर गाठले आणि बसने खाली उतरलो.

मेट्टुपाळयमच्या बाजारात अम्मींनी थांबायला सांगितले. बटाट्याची पोती, हमालांच्या हाका, ट्रकांची रांग. रांगेत एका गाडीची पाटी एम. एच. १० होती. आपल्या सांगलीची! तिशीतला ड्रायव्हर चाकाजवळ बसून चहा पीत होता. अम्मींनी त्याला गाव विचारले, घरी कोण कोण आहे ते विचारले. डब्यातल्या उरलेल्या रोट्या आणि उटीची वर्की बिस्किटे त्याच्या हातात दिली. निघताना म्हणाल्या, "बेटा, वर गेलास कधी?" तो हसला, "कुठला वेळ, मावशी?" अम्मी म्हणाल्या, "वेळ कोणी देत नाही. काढ. आणि बायकोला सोबत आण. नुसतं सांगू नको."

मी मागे वळून डोंगराकडे पाहिले. वर ढग होते, अब्बा सांगायचे तसेच.

भगिनींनो, तुम्हीही घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन निघालात तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जाणार असाल तर नीलगिरी जिल्ह्यासाठी ई-पास काढावा लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून हा नियम आहे. सरकारी बसने जाणाऱ्यांना त्याची गरज नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना जिल्ह्यात बंदी आहे, म्हणून स्टीलच्या बाटल्या न्या. छोट्या रेल्वेची तिकिटे फार आधी संपतात. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी तळमजल्यावरची खोली मागा आणि वुजूला गरम पाणी मिळेल का, हे आधीच विचारा. मुसाफिराला नमाजात सवलत आहे, ती घ्या. अम्मींनी खुर्चीवर बसून नमाज अदा केली. हलाल जेवण बाजारात सहज मिळते. आणि दिवसाला दोनच ठिकाणे ठरवा, तिसरे नको.

शेवटचे एक. आपल्या घरांत बायकांचा सफर नेहमी सगळ्यात शेवटी येतो. सगळ्यांचे झाल्यावर, सगळे फेडल्यावर. तोवर गुडघे जातात, कधी सोबतीही जातो. अम्मींना मी उटी दाखवली असे लोक म्हणतात. खरे तर मी उशीर केला. ज्यांच्या घरी अजून दोघेही आहेत, त्यांनी माझ्यासारखे करू नये.

फडताळात आता दोन बाटल्या आहेत. एक रिकामी, एक भरलेली.